ग्लू-चिप काच: सरस वाळला, पण काच उचलतच नाही

जून संपत आला की एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांकडून यायला लागते. काच सँडब्लास्ट केली, सरस भिजवला, गरम केला, ओतला, आता चार दिवस झाले, वरून वाळल्यासारखा दिसतोय पण काच काही उचलत नाही. किंवा कडेकडेने दोन बोटं उचलली आणि मधे जैसे थे. किंवा अख्खा सरस पापुद्र्याने निघून आला आणि खाली काच होती तशीच पांढरी. आणि त्याच्या मागोमाग ठरलेले प्रश्न, तुरटी घालू का, पाणी कमी करू का, दुसरीकडून सरस आणू का. माझं उत्तर दरवेळी तेच असतं, आधी कशालाच हात लावू नका, रेसिपी तर अजिबात बदलू नका. निघालेल्या सरसचा एक तुकडा उलटा करून बघा आणि खोलीत हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, किती दाखवतोय ते सांगा. दहातली सात-आठ प्रकरणं इथेच मिटतात, कारण दोष सरसमध्ये नसतो, हवेत असतो.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेचा पृष्ठभाग सँडब्लास्ट करून, म्हणजे जोराच्या हवेने बारीक कण मारून, खरखरीत करायचा, त्यावर गरम जनावरी सरसचा जाड थर द्यायचा, तो वाळताना आकसतो आणि आकसताना काचेचे पातळ टवके ओढून काढतो. खाली राहते ती नेच्याच्या पानांची, थंडीत खिडकीवर जमणाऱ्या बर्फाची नक्षी. हे काम मूळचं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकेचं, तिथे ऑफिसांच्या दारांना, पार्टिशनला आणि दुकानांच्या पाट्यांना अशी काच वापरत, शिकागोची रॉसन अँड इव्हान्स ही कंपनी तर अशा पाट्यांसाठीच ओळखली जायची. आज इंग्लंडमध्ये टॉर्कीला डेव्हिड स्मिथ हे काम करतात, आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी हे पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्याच कामात. पण टॉर्कीची हवा आणि डोंबिवलीची हवा यात फरक आहे राव, आणि जी माहिती इंग्रजीत मिळते ती सगळी त्यांच्या हवेसाठी लिहिलेली असते. "रूम टेंपरेचरला एक दिवस वाळवा" हे वाक्य जुलैत कोकणपट्टीत आणि एप्रिलमध्ये पुण्यात, दोन्हीकडे चुकीचं ठरतं, आणि दोन उलट्या कारणांनी.

आधी तुकडा उलटा करा

सरसची खालची बाजू, म्हणजे काचेला चिकटलेली बाजू, उजेडात तिरकी धरून बघा. हातमोजे घालून, कारण त्याला काच असू शकते.

खालच्या बाजूला चकचकीत काचेचे कण, शिंपले अडकलेले दिसत असतील तर तुमची पद्धत बरोबर आहे, फक्त ती सगळीकडे पोचली नाही. खालची बाजू साफ, मंद, ब्लास्टिंगच्या खरखरीचा नुसता छाप उमटलेली असेल आणि काच एकही नसेल तर सरसला पकडच मिळाली नाही, म्हणजे ब्लास्टिंग कमी झालंय किंवा काचेवर हात लागलाय, तेल लागलंय. पांढरी बारीक पूड चिकटली असेल तर पकड मिळाली पण ओढ कमी पडली, थर पातळ किंवा सरस कमजोर.

आणि जर तुकडा निघतच नसेल, तर नखाने कोपरा दाबा. नख रुततंय, सरस जाड रेक्झिनसारखा वाकतोय, तर तो वाळलेलाच नाही, वरून कितीही कोरडा दिसू दे. पावसाळ्यातल्या तक्रारींपैकी बहुतेक याच गटातल्या. उलट नख अजिबात रुतत नाही, टिचकी मारली तर काचेसारखा आवाज येतो आणि तरीही तो शांतपणे चिकटून बसलाय, तर थर पातळ आहे. तिथे हीट लावून काही होत नाही, धुऊन परत ओता.

अजून दोन खुणा. काम चांगलं झालंय पण मधे मधे गोल पांढरे ठिपके राहिलेत, ते बुडबुडे, त्याबद्दल खाली लिहितो. आणि काचेची एक बाजू मस्त चिप झाली, दुसरी नाही, तर टेबल लेव्हलला नव्हतं, सरस एका अंगाला वाहिला. काच ठेवायच्या आधी लेव्हल बॉटल दोन्ही दिशांनी लावून बघायची, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

पावसाळा

सरस म्हणजे जिलेटिनचाच भाऊ, हवेतला ओलावा धरून ठेवणारा. हवा जेवढी दमट, तेवढं पाणी तो आत ठेवणारच, तुम्ही त्याला आठवडा द्या नाहीतर महिना. जुलैत मुंबईत आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते, पाऊस लागला की त्याहून वर. त्या हवेत सरस एका ठरावीक टप्प्यापर्यंत वाळतो आणि थांबतो, त्यात अजून एवढं पाणी असतं की तो लवचिक राहतो, आणि लवचिक आहे तोपर्यंत तो काच ओढणार नाही, स्वतःच ताणला जाईल. म्हणून "अजून दोन दिवस ठेवतो" याला काही अर्थ नाही. चार दिवसांत झालं नाही ते त्याच हवेत दहा दिवसांत पण होणार नाही.

आता यावर लोक काय करतात तर पंखा लावतात. पंख्याने तीच दमट हवा फिरते. मग सिलिका जेलच्या बुटाच्या खोक्यातल्या पुड्या टाकतात. इथे थोडा हिशोब करू, कारण हा हिशोब डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे. एक चौरस फूट काच, त्यावर दोन एमएम ओला थर म्हणजे साधारण 185 मिली सरस. एकास दोन पाणी घेतलं असेल तर त्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी आहे. सिलिका जेल आपल्याला पाहिजे तेवढ्या कोरड्या हवेत स्वतःच्या वजनाच्या पाचवा-चौथा हिस्सा पाणी घेतं. म्हणजे एका चौरस फुटासाठी अर्धा किलोच्या वर जेल लागेल, आणि ते सुद्धा ताजं तापवून कोरडं केलेलं. पुड्यांनी काय होणार?

खरा उपाय हवा गरम करणे हा आहे, आणि तो स्वस्तात जमण्यासारखा आहे. बाहेर 28 डिग्री आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तीच हवा आत घेऊन 40 डिग्रीला नेली तर तिची आर्द्रता 44 टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच आहे हो, पण गरम हवा जास्त पाणी पेलू शकते म्हणून ती सरसमधून खेचायला लागते. आणि जर सुरुवातच एसीच्या खोलीतून केली, समजा 25 डिग्री आणि 55 टक्के, तर तीच हवा वाळवायच्या बंद पेटीत 38 डिग्रीला नेल्यावर 26 टक्के होते. 26 टक्क्यांना सरस तडतडायला लागतो, कान देऊन बसा, टिक् टिक् असा आवाज स्पष्ट येतो.

म्हणून माझी पेटी एसीच्या खोलीत असते. 12 एमएम प्लायची साधी पेटी, आत तळाला हीटर, वर जाळी, जाळीवर काच, एक छोटा कॉम्प्युटरचा फॅन हवा हलवायला. थर्मोस्टॅट मी अंडी उबवायच्या इनक्युबेटरचा लावलाय, तो स्वस्त मिळतो आणि कोंबडीच्या अंड्यांना 37.5 डिग्री लागतात, आपल्यालाही तेवढंच पाहिजे. जुने पिवळे बल्ब असतील तर ते पण चालतात, फक्त त्यांना जाळी लावा आणि काचेपासून लांब ठेवा, एका जागी उष्णता बसली की काचच तडकते.

एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात, पेटीला खाली आणि वर भोकं पाहिजेत. सगळीकडून बंद केलेल्या पेटीत सरसमधून निघालेलं पाणी जाणार कुठे? ते आतच फिरतं, हायग्रोमीटर 70 ला जाऊन बसतो आणि माणूस म्हणतो हीटर लावला तरी होत नाही. खाली बोटभर रुंदीची दोन-चार भोकं, वर तेवढीच. ओली हवा वरून जाते, कोरडी खालून येते.

हायग्रोमीटरबद्दल पण बोलून घेतो. ऑनलाइन दोन-तीनशेला मिळणारे छोटे डिजिटल हायग्रोमीटर सर्रास आठ-दहा टक्क्यांनी चुकतात. तपासायचं असेल तर बाटलीच्या बुचात मीठ घ्या, त्यावर थोडं पाणी, मीठ ओलं झालं पाहिजे पण विरघळलं नाही पाहिजे, ते आणि हायग्रोमीटर एका झिपलॉक पिशवीत घालून रात्रभर बंद ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता होते. तुमचा 83 दाखवत असेल तर आठ वजा करत चला. एवढं केलं की अंदाजपंचे संपतं.

लाइट जाण्याचा प्रॉब्लेम ज्यांच्याकडे आहे त्यांनी लक्षात ठेवा, पेटी थंड झाली की आत आर्द्रता परत चढते आणि सरस पाणी परत पितो. नुकसान होत नाही, फक्त वेळ वाढतो. परत लाइट आला की परत सुरू. त्या मधल्या काळात पेटी उघडून "झालं का" बघत बसायचं नाही.

घाई करणारे आणि पुणेकर

आता याच्या उलट. हीटची जादू कळली की लोक ओतल्या ओतल्या काच पेटीत टाकतात. सरस ओला असताना तो गोठलेली जेली असतो, आणि ती जेली तिशीच्या पुढे सरकली की परत पातळ व्हायला लागते. मग सरस कडेने वाहतो, अक्षरांच्या बाहेर येतो, किंवा वरची साल आधी वाळते आणि आत ओलं अडकून राहतं. कडा चिप झाल्यात आणि मधे नाही, हे जवळजवळ नेहमी यामुळेच.

म्हणून वाळवण दोन टप्प्यांतच करायचं. पहिला टप्पा गार आणि सावकाश, 22 ते 25 डिग्री, हवा थेट लागू द्यायची नाही, सरस बोटाला चिकटायचा थांबेपर्यंत. एक दिवस, जाड थर असेल तर दीड-दोन. मग दुसरा टप्पा, पेटी, गरम आणि कोरडं.

मे महिन्यात मुंबई-ठाण्यात बिनएसीच्या खोलीत पहिला टप्पा होतच नाही, खोलीच 33-34 डिग्री असते, सरस गोठतच नाही, पाण्यासारखा पसरतो. तिथे एसी लागतोच, नसेल तर पहाटे ओता.

पुण्यात, नाशकात मार्च-एप्रिलला दुपारची आर्द्रता 30 च्या खाली जाते. तिथले लोक म्हणतात आमच्याकडे पेटी लागत नाही, खरं आहे, पण त्यांची तक्रार वेगळी. सरसला दुपारपर्यंत वरून साल धरते, कडा वळतात आणि खालचा थर नीट घट्ट व्हायच्या आधीच पापुद्रे सुटायला लागतात, नक्षी उथळ आणि तुटक येते. त्यांनी पहिल्या टप्प्यात काचेवर चार बोटं उंचीवर प्लास्टिकचा कागद ताणून ठेवायचा, कागद सरसला टेकता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. सीलिंग फॅन बंद. उन्हात काच नेऊन ठेवायची तर अजिबात नाही, उन्हात एक बाजू तापते, सावलीतली तशीच राहते आणि काच मधोमध जाते.

सरस कुठला आणि किती गरम

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे सुतारांसाठीचा सरस मिळतो, वड्या किंवा दाणे. काही वेळा तो चांगला निघतो, काही वेळा नाही, आणि एकाच दुकानात दर खेपेला वेगळा. सरसची ताकद ग्रॅममध्ये मोजतात, ठरावीक घट्टपणाच्या जेलीत ठरावीक जाडीचा दट्ट्या चार एमएम खाली जायला किती ग्रॅम वजन लागतं ते. सुतारकामाला 192 ग्रॅमचा सरस नेहमी वापरतात. काच ओढायला त्याहून जोरदार लागतो. अमेरिकेतले लोक मिलिगन अँड हिगिन्सचा घेतात, न्यूयॉर्क राज्यातली 1868 पासूनची कंपनी आहे, पण इथे मागवायचा तर कुरियर आणि ड्यूटीमध्ये जीव जातो. मी टेक्निकल जिलेटिन वापरतो, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे चौकशी करा, ब्लूम (ग्रॅममधली हीच ताकद) किती ते विचारून घ्या, 250 च्या आसपास किंवा वर असेल तर घ्या.

घरी तुलना करायची असेल तर सोपं आहे. दोन वाट्या, प्रत्येकीत 100 मिली पाणी आणि सात ग्रॅम सरस, एकीत नवीन, दुसरीत ज्याने पूर्वी काम झालंय तो. भिजवा, पाण्यावर ठेवून विरघळवा, रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी बोटाने दाबा. फरक लगेच कळतो. नवीन वाटी लिबलिबीत असेल तर तो सरस पाट चिकटवायला वापरा.

भिजवण्याचं प्रमाण मी वजनाने एकास दीड ते दोन पाणी घेतो, थंड पाणी, आणि उन्हाळ्यात भिजवणं फ्रीजमध्येच. बाहेर ठेवलेला सरस आपल्या हवेत एका रात्रीत आंबायला लागतो. वास आला तर फेकायचा, वास मरायला निलगिरी-बिलगिरी घालून वापरायचा नाही, वासाबरोबर ताकद पण गेलेली असते.

गरम करताना 60 डिग्री. पाण्यावर भांडं ठेवून, कधीच थेट गॅसवर नाही. सत्तरच्या पुढे गेला की सरसची ताकद कमी व्हायला लागते, उकळला तर संपला, आणि दिसायला तो अगदी तसाच दिसतो त्यामुळे कळत नाही. ब्यूटी पार्लरमध्ये वॅक्स गरम करायचा हीटर असतो ना, तो यासाठी फार चांगला आहे, बटण फिरवून तापमान बांधता येतं, फक्त पहिल्यांदा थर्मामीटर घालून खात्री करा कारण त्यावरचे आकडे भरवशाचे नसतात. एकदा गरम केलेला उरला तर फ्रीजमध्ये ठेवून अजून एकदा वापरता येतो, त्यानंतर नाही.

तुरटीबद्दल सगळे विचारतात. तुरटीने नक्षी बदलते, बारीक होते. तुरटीने न होणारं काम होत नाही. जोपर्यंत साधा सरस तुमच्याकडे सलग नीट चिप होत नाही तोपर्यंत तुरटीला हात लावू नका, आणि नंतर लावलात तरी चिमूट, जास्त झाली तर सरस भांड्यातच घट्ट होऊन बसतो.

हां, आणि गिऱ्हाइकं विचारतात. एका मिठाईवाल्यांनी मला विचारलं होतं, हे जनावराच्या कातड्याचं आहे का, मग आमच्या पाटीला नको. मी त्यांना सांगितलं की काम झाल्यावर सरस धुऊन जातो, पाटीवर राहत नाही. त्यांनी विचार करून नको म्हणूनच सांगितलं, मग साधी सँडब्लास्ट करून दिली. आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर वाद नको.

काच आणि ब्लास्टिंग

टफन काच चिप करू नका. तिच्या पृष्ठभागातच ताण भरलेला असतो, तोच पृष्ठभाग तुम्ही उचकटायला निघालात तर अख्खी काच दाण्यादाण्याने खाली येईल. गिऱ्हाइकाने आणून दिलेली काच असेल तर कोपऱ्यात टफनचा शिक्का आहे का ते बघा, शिक्का नसला तरी विचारा. साधी फ्लोट, म्हणजे टफन न केलेली काच घ्या, सहा एमएम किंवा वर. चार एमएमवर लहान तुकडे होतात पण मोठा पॅनल सरसच्या ओढीनेच तडकू शकतो.

एचिंग क्रीमने फ्रॉस्ट केलेल्या काचेवर चिप होत नाही म्हणून खूप जण डोकं धरून बसतात. क्रीमचं फ्रॉस्ट दिसायला पांढरं असतं पण हाताला मऊ लागतं, सरसला धरायला तिथे काही नसतं. सँडब्लास्टच पाहिजे, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड, 80 ते 120 ग्रिट, सगळीकडे सारखा पांढरेपणा येईपर्यंत. ब्लास्टिंगवाल्याकडे काम देत असाल तर त्याला सांगा की नुसता धुरकट नको, खरखरीत पाहिजे. आणि नदीची वाळू वापरून ब्लास्ट करणारे अजूनही आहेत, त्यांच्या खोलीत उभं पण राहू नका, त्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

ब्लास्ट झालेल्या भागाला बोट लावायचं नाही. एका अंगठ्याचा ठसा सरसखाली लपतो आणि चिप झाल्यावर त्याच आकाराचा पांढरा डाग तुमच्याकडे बघत राहतो. धूळ कोरड्या ब्रशने किंवा हवेने उडवा, मग स्पिरिटने पुसा, वाळू द्या.

ओतताना काच थोडी कोमट असू द्या. एसीत गार पडलेल्या काचेवर सरस टेकताक्षणी गोठतो, सारखा पसरत नाही, खाली बुडबुडे अडकतात. हेच ते गोल पांढरे ठिपके. ढवळून झाल्यावर सरस दहा मिनिटं तसाच गरम ठेवा, फेस वर येऊ द्या, फेस काढा, मग जाड मऊ ब्रशने एका दिशेने लावा, पुढे-मागे घासू नका. ओल्या थराची जाडी दोन एमएमच्या आसपास, तीनच्या वर जाऊ नका. राहिलेला बुडबुडा सुईने फोडा.

देवनागरीची भानगड

इंग्रजी पाट्यांचे फोटो बघून आपण तसंच मराठीत करायला जातो आणि शिरोरेषेला अडतो. अरुंद पट्टीत सरस कमी, ओढ कमी, त्यामुळे बारीक शिरोरेषा चिप होताना अर्धी होते अर्धी नाही. माझ्या अनुभवात बोटभर रुंदीच्या खाली गेलं की भरवसा संपला. आणि 'श्री', 'क्ष' यांच्या पोटातल्या छोट्या जागांमध्ये सरस साचून जाड होतो, तिथे एकच मोठा टवका निघून कड खातो.

यावर सोपा मार्ग म्हणजे अक्षरं चिप न करता मागची जमीन चिप करायची आणि अक्षरं साफ काचेची ठेवून त्यात सोन्याचा वर्ख भरायचा. अक्षरंच चिप करायची असतील तर पाट्या रंगवणारे पेंटर लोक काढतात तसं ठसठशीत, पोट भरलेलं वळण घ्या, कॉम्प्युटरवरचा बारीक फाँट नको. अक्षराच्या कडेला दोन-तीन एमएमची साफ रेघ सोडा, म्हणजे चिप थोडी बाहेर धावली तरी रेघेत लपते. ब्लास्ट नको असलेला भाग झाकायला काचेवर व्हिनाइलचा मास्क चिकटवतात, त्यावर सरस चढवायचा नाही, चढला की आकसताना मास्क ओढतो, कड उचलतो आणि सरस खाली शिरतो. आणि सगळं उलटं काढलंय ना ते ब्लास्टिंगच्या आधी आरशात बघून घ्या, पाटी मागून होते आणि पुढून वाचतात.

अर्धवट झालेली काच वाचवायची कशी

बहुतेक वेळा वाचते. चिकटून राहिलेला सरस स्क्रॅपरने उकरू नका, चरे पडतात. कोमट पाण्यात बुडवून ठेवा, दोन-तीन तासांत जेली होऊन सुटतो. नीट धुवा, वाळवा, उजेडात तिरकी धरून बघा. न झालेले भाग अजून पांढरे, खरखरीत असतात, तेवढ्यावरच परत सरस द्या, कडेला झालेल्या भागावर थोडा चढवून, म्हणजे जोड दिसत नाही. पांढरा भाग गुळगुळीत लागत असेल तर आधी परत ब्लास्ट.

निघालेला सरस परत वितळवायचा नाही, त्यात काच असते. बेसिनमध्ये, मोरीत टाकायचा नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर "काच" लिहून वेगळा द्या, कचरा उचलणाऱ्याचा हात कापला जाऊ नये. दुसऱ्या टप्प्यात पेटीजवळ जाताना गॉगल लावाच, टवके उडतात, हे अतिशयोक्ती करून सांगत नाहीये. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि फडकं टाकून द्या.

शेवटी वर्खाबद्दल एक, कारण हा प्रॉब्लेम पण चिपच्याच खात्यात टाकला जातो. जिलेटिनच्या पाण्यावर वर्ख टाकला आणि तो चिप केलेल्या भागात ठिकठिकाणी धरला नाही, तर वर्ख बदलायच्या आधी काचेवर नुसतं पाणी ओता. पाणी सगळीकडे एकसारखं पसरलं पाहिजे. कुठे फाटत असेल, थेंब होऊन सुटं पडत असेल, तर तिथे मास्कचा गोंद नाहीतर हाताचं तेल आहे, तिथे थिनर, मग स्पिरिट, मग परत पाणी. पाणी न फाटता उभं राहिलं आणि तरीही तिथे वर्ख ढगाळ दिसतोय, तर नक्षीच्या खाचांत सरसचा पातळ थर राहिलाय, काच अजून एकदा कोमट पाण्यात तासभर ठेवा आणि मऊ टूथब्रशने घासा.